‘तिथे कोणीच नसतं ना!’

चंद्रपुरात एप्रिल लागला की आमच्या मित्रांच्या ग्रुपवर समुद्राचे फोटो फिरायला लागतात. बाहेर पारा 45 च्या पुढे, कूलरमधलं पाणी संपलेलं आणि मोबाइलवर पांढरी वाळू, निळं पाणी, माडाला बांधलेला झोपाळा. यंदा वाद एवढाच होता की लक्षद्वीप की अंदमान. लक्षद्वीपवाल्यांचं म्हणणं एका वाक्यात संपलं : ‘तिथे कोणीच नसतं ना!’

सुट्टीशी माझं भांडण नाही. इथल्या उन्हातून पळावंसं वाटणं अगदी रास्त आहे. भांडण आहे ते या वाक्याशी.

2011 च्या जनगणनेत लक्षद्वीपची लोकसंख्या 64 हजारांच्या वर होती आणि सगळ्या बेटांची मिळून जमीन जेमतेम 32 चौरस किलोमीटर. म्हणजे एका चौरस किलोमीटरला दोन हजार माणसं. त्याच जनगणनेत आपल्या गडचिरोलीचा आकडा होता 74. कोणीच नसलेली जागा हवी असेल तर विमानाचं तिकीट कशाला, एटापल्लीची एसटी पकडा. (तिथेही माणसं भेटतील. तेच तर सांगतोय.)

अंदमानला मी जाऊन आलोय. हॅवलॉकचा, म्हणजे 2018 पासूनच्या स्वराज द्वीपचा, सगळ्यात गाजलेला किनारा सगळ्यांना ‘बीच नंबर 7’ म्हणून ठाऊक आहे. त्याचं नाव राधानगर. शेजारच्या किनाऱ्यांची नावं विजयनगर, गोविंदनगर. नील बेटावर सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर. ही नावं काही हॉटेलवाल्यांनी ठेवलेली नाहीत. फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना सरकारने या बेटांवर वसवलं, जंगल साफ करून शेती करायला लावलं, ती ही गावं. आपण ज्या वाळूवर पाय पसरून बसतो तिच्यामागे त्यांच्या सुपारीच्या बागा आणि भातखाचरं आहेत.

आणि ही गोष्ट कळायला चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला अंदमान कशाला लागतं? त्याच निर्वासितांना 1960 च्या दशकात तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातही आणलं होतं. चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांतल्या बंगाली वस्त्या त्याच. तेव्हाही नकाशावर बोट ठेवून कोणीतरी म्हणालं असणार, इथे जागा रिकामी आहे. माडिया आणि गोंड त्या बोटाखाली होते. अंदमानात जारवा होते.

जारवांच्या जंगलातून अंदमान ट्रंक रोड जातो. त्यातला राखीव क्षेत्रातला भाग बंद करा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये सांगितलं होतं. तरी त्यानंतरही पर्यटकांच्या गाड्यांचे ताफे तिथून जात राहिले. 2012 मध्ये खाण्याच्या बदल्यात जारवा बायकांना नाचायला लावल्याचा व्हिडिओ जगभर पोचला. आमच्या ग्रुपवर त्या रस्त्याचं वर्णन काय होतं? ‘ताडोबासारखंच, लकी असलात तर दिसतात.’

हे वाचून मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. कारण ताडोबातही जिप्सीतून जे दिसतं तेवढंच जंगल नाही. नवेगाव, जामणीसारखी गावं उठवून बाहेर नेली, तेव्हा कुठे आपल्याला ‘शांत’ कोअर मिळाला. जंगलाच्या कडेला राहणाऱ्यांना मात्र तेंदूपत्त्याला जावंच लागतं. मे 2025 मध्ये सिंदेवाही तालुक्यात पत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्या आठवड्यात वाघाचे रील थांबले नव्हते.

‘पण पर्यटनाने रोजगार मिळतो,’ हे उत्तर तयारच असतं. मिळतो. मोहर्लीत गाइड आणि जिप्सीचालक आहेत, हॅवलॉकला होडीवाले आहेत. प्रश्न मिळतो का हा नाही. किती गाड्या सोडायच्या, रिसॉर्ट कुठे बांधायचं, गोडं पाणी कुणाला आधी द्यायचं, हे ठरवताना त्यांना कोणी विचारतं का, हा आहे.

ग्रेट निकोबारला विचारलं, तेव्हा काय झालं पाहा. तिथे बंदर, विमानतळ, वीज प्रकल्प आणि नवं शहर उभारायला 2022 मध्ये सुमारे 130 चौरस किलोमीटर जंगलाच्या वळतीकरणाला तत्त्वतः मंजुरी मिळाली. समुद्री कासवं जिथे अंडी घालायला येतात, त्या गॅलाथिया खाडीत बंदर. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिथल्या आदिवासी परिषदेने आपलं ना-हरकत पत्र मागे घेतलं. 2004 च्या त्सुनामीत सोडाव्या लागलेल्या आपल्या जुन्या गावांत परत जायचंय, असं निकोबारी लोक सांगत आलेत. काम मात्र पुढे सरकत राहिलं. तोडलेल्या झाडांच्या बदल्यात झाडं लावायची ठरली ती हरियाणात!

बाकी कुणाला हे दूरचं वाटेल. लेखा-मेंढ्याला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, त्या जिल्ह्याला वाटू नये. गावाची संमती म्हणजे काय आणि ती कशी काढून घेतली जाते, हे सूरजागडच्या आसपासच्या ग्रामसभांना विचारा.

ग्रुपवर मी एवढंच लिहिलं की जाऊ या, पण बाराटांगचा जारवा-रस्ता नको आणि मुक्काम गावातल्या घरात. दोघांनी अंगठा दाखवला. एकाने विचारलं, ‘मग बघायचं काय?’