स्वप्नाळू

'स्वप्नाळू डोळे' म्हटले की कौतुक असते. 'पोरगं जरा स्वप्नाळूच आहे' म्हटले की त्याचे पुढे कसे होणार, ही काळजी. शब्द एकच, पण डोळ्यांना शोभतो तो माणसाला लागला की उणा होतो. हा उणेपणा आला कुठून?

मुळात स्वप्न म्हणजे झोप. 'स्वप्' या संस्कृत धातूचा अर्थ झोपणे, आणि त्यापासून झालेला 'स्वप्न' शब्द झोप आणि झोपेत दिसणारे दृश्य असे दोन्ही अर्थ बाळगून होता. ग्रीक 'हिप्नोस' आणि लॅटिन 'सोम्नुस' ही याच घराण्यातली भावंडे. दोन्हींचा अर्थ झोप. हिप्नोटिझम हा शब्द त्यातल्या पहिल्यावरून आला. झोपेची सवय असलेल्यासाठी व्याकरणकार पाणिनीने अष्टाध्यायीत 'स्वप्नज्' हा शब्द सिद्ध केला. अमरकोशात तो 'स्वप्नक्' या रूपात शयालू आणि निद्रालू यांच्या पंगतीला बसला आहे. म्हणजे हा आपल्या स्वप्नाळूचा पूर्वज निव्वळ झोपाळू!

'आळू'चे मूळही अष्टाध्यायीतच आहे. स्वभाव दाखवणारा 'आलु' प्रत्यय कशाला लागतो, याची छोटी यादी पाणिनीने दिली. दया, निद्रा, तंद्रा, श्रद्धा त्यात आहेत; स्वप्न नाही. मराठीने मात्र मायेला, लाजेला, झोपेला आणि स्वप्नालाही हा प्रत्यय जोडला. मायाळू, लाजाळू म्हणताना जीभ मऊ होते. स्वप्नाळू म्हणताना झोपाळूची सावली अजून आड येते, असे मला वाटते.

पण याच संस्कृत परंपरेत दुसरा विचारही होता, आणि तो मला अधिक मोलाचा वाटतो. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य जनकाला सांगतो की स्वप्नात रथ, घोडे, रस्ते आधी नसतातच. ते झोपलेला पुरुष स्वतः निर्माण करतो. अशा माणसाला तो कर्ता म्हणतो. आळशी नव्हे, कर्ता.

मराठीचे व्याकरण हे कर्तेपण सहसा देत नाही. मला स्वप्न पडते, जसा प्रश्न पडतो, भूल पडते. माणूस 'स्वप्न पाहतो' तेव्हा बहुधा तो जागा असतो आणि काहीतरी करू पाहत असतो. 'पडणे' आणि 'पाहणे' या दोन क्रियापदांमधला हा फरक शाळेत शिकवायला हवा, इतका तो मोठा आहे.

वारकऱ्यांनी तर पडलेल्या स्वप्नालाही अधिकार दिला. तुकोबांना गुरू बाबाजी चैतन्यांनी मंत्र दिला तो स्वप्नात. नामदेव पांडुरंगासह आले आणि कविता करायला सांगून गेले, तेही स्वप्नात. अशा स्वप्नाला आपल्याकडे दृष्टांत म्हणतात, आणि दृष्टांत झालेल्याला कुणी स्वप्नाळू म्हणत नाही.

संत बहिणाबाईंनी तर अशा दृष्टांतावर आयुष्य तोलले. जन्म ब्राह्मण घरचा, नवरा मारझोड करणारा, आणि ध्यास शूद्र म्हणवल्या गेलेल्या तुकोबांचा. त्यांचा अनुग्रह तिला कोल्हापुरात स्वप्नात झाला, तोवर तिने त्यांना पाहिलेही नव्हते. प्रत्यक्ष दर्शन नंतर, देहूला. हे सारे तिने स्वतःच्या अभंगांत सांगून ठेवले आहे.