‘नो डिस्क’ म्हणजे डिस्क नाही असं नव्हे

रविवारी सकाळी बडोद्याहून मावशीचा व्हिडिओ कॉल आला. स्क्रीनवर मावशी नव्हती, तिच्या टीव्हीखालचा डीव्हीडी प्लेअर होता. फोन धरणारा आठवीतला नातू म्हणाला, “काका, बघा, आजीने सीडी टाकली तरी हा ‘नो डिस्क’च म्हणतो.” मागून मावशीचा आवाज: “अरे, आत सीडी घातलीय मी, माझ्या हाताने! आणि हा म्हणतो नाहीच. कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणाला, फेकून द्या, आता कोण वापरतं हे.”

सीडी होती ताईच्या लग्नाची. 2002 सालचं लग्न, तीन व्हीसीडींचा संच, वर गणपतीचं चित्र असलेला गोल स्टिकर. काका 2009 मध्ये गेले. त्यांचा आवाज कुठेही नाही. त्या काळी घरात फोन होता, पण आवाज साठवणारा नव्हता. लग्नाच्या शूटिंगवर व्हिडिओवाल्याने सुरुवातीपासून शेवटपर्यंत सिनेमाची गाणी चढवलेली. फक्त पंगतीच्या प्रसंगात तो गाणं टाकायला विसरला आणि तिथे काका वाढप्यांच्या मागे फिरत म्हणतात, “सावकाश होऊ द्या, मंडळी.” सगळी मिळून बारा सेकंदं. मावशीला ती हवी होती.

असे प्लेअर आणि असे संच अजून बऱ्याच घरांत माळ्यावर पडून आहेत, म्हणून आम्ही काय काय केलं ते सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे या यंत्राचा शब्दसंग्रह फार तोकडा. लेन्सवर धूळ असो, लेझर थकलेला असो, तबकडी खराब असो की उलटी घातलेली असो, ते एकच सांगतं: ‘नो डिस्क’. त्याचा खरा अर्थ ‘मला काही वाचता आलं नाही’ एवढाच. दोष यंत्राचा की तबकडीचा, हे आपल्याला शोधावं लागतं. त्यासाठी स्क्रूड्रायव्हर लागत नाही, तीन वेगवेगळ्या तबकड्या लागतात.

एक सिनेमाची विकतची डीव्हीडी. दुसरी विकतची गाण्यांची सीडी किंवा सिनेमाची व्हीसीडी, जिची खालची बाजू स्वच्छ चंदेरी असते. तिसरी लग्नाची. ही खालून पाहिली तर हिरवट, निळसर किंवा सोनेरी दिसते, कारण ती कारखान्यात ठशाने छापलेली नसून व्हिडिओवाल्याने संगणकावर ‘बर्न’ केलेली असते. छापील सीडीत ॲल्युमिनियमच्या थरावर खड्डे असतात. बर्न केलेल्या सीडीत रंगाचा थर असतो आणि लेझरने भाजून त्यात खुणा केलेल्या असतात. तो रंग उन्हाने, उष्णतेने, दमटपणाने हळूहळू उतरतो. शिवाय नवी असतानाही अशी सीडी छापील सीडीपेक्षा कमी प्रकाश परत फेकते. त्यामुळे प्लेअरचा डोळा जरा अधू झाला की आधी हिच्यावरच अडतो.

डीव्हीडी प्लेअरमध्ये दोन लेझर असतात, ही गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. डीव्हीडीसाठी 650 नॅनोमीटरचा लाल, सीडी-व्हीसीडीसाठी 780 नॅनोमीटरचा, डोळ्याला जेमतेम दिसणारा. एक ठणठणीत आणि दुसरा आजारी, असं होऊ शकतं. मावशीकडे सिनेमाची डीव्हीडी लगेच लागली. आरत्यांची विकतची सीडी बराच वेळ विचार करून लागली. लग्नाची एकही लागली नाही. म्हणजे मोटर, वीज, टीव्हीची वायर सगळं ठीक. संशय सीडीच्या लेझरवर किंवा लेन्सवरच्या धुळीवर, आणि सोबत तबकडीवरही.

मग नातवाला म्हटलं, टीव्हीचा आवाज बंद कर आणि कान लावून ऐक. ट्रे आत गेला की ‘टक्’ होतं, म्हणजे तबकडी चकतीत पकडली गेली. मग लहानशी ‘घर्र’, लेन्स मध्यभागाकडे सरकली, कारण सीडी आतून बाहेर वाचली जाते आणि अनुक्रमणिका अगदी आत असते. मग बारीक टिकटिक, लेन्स वर-खाली होऊन फोकस शोधते. फोकस मिळाला की तबकडी जोरात फिरू लागते. बहुतेक प्लेअरमध्ये हा क्रम असाच असतो. ‘टक्’च आला नाही तर ट्रेचा रबरी पट्टा सैल झालेला असतो आणि ते काम स्वस्तातलं. टिकटिक होऊन तबकडी फिरलीच नाही तर फोकस मिळत नाही. फिरून थांबली तर फोकस मिळाला, पण अनुक्रमणिका वाचता आली नाही.

“टिकटिक येते, दोन-तीन वेळा. पछी बंध,” नातू म्हणाला. त्याचं मराठी उत्साहाच्या भरात गुजरातीत शिरतं.

आता सफाई. आधी तबकडीची, कारण ती फुकट होते. प्लॅस्टिकच्या पाकिटात वर्षानुवर्षं राहिलेल्या सीडीवर ओशट डाग आणि कधी बुरशीची जाळी असते. मऊ सुती कापड किंचित ओलं करून, हवा तर भांड्याच्या साबणाचा एक थेंब घेऊन, मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसायचं. गोल गोल नाही. यामागे कारण आहे. सीडीवरची माहिती गोल मार्गाने लिहिलेली असते आणि तिच्यात चुका भरून काढायची सोय असते. मार्गावरची सलग अडीच मिलिमीटरपर्यंतची माहिती गेली तरी प्लेअर ती पुन्हा जुळवू शकतो. आडवा ओरखडा प्रत्येक फेरीत जरासंच खातो, ते चालतं. गोल ओरखडा एकाच फेरीचा मोठा घास घेतो, तिथे यंत्र हरतं.

आणि स्टिकर! तो निघतोय असं दिसलं तरी सोलू नका. सीडीचा माहितीचा थर खाली नसतो, वरच्या बाजूला, लेबलच्या लगेच खाली असतो. स्टिकरबरोबर तो थरही सोलून येतो आणि मग कुणीच काही करू शकत नाही. टूथपेस्ट लावून ओरखडे घालवायचा उपाय तुम्ही ऐकला असेल. खालच्या बाजूच्या उथळ ओरखड्यावर तो कधी कधी चालतो, पण एकच प्रत असलेल्या सीडीवर मी तो करणार नाही. स्टिकर नसलेली सीडी ट्यूबलाइटसमोर धरून पाहा. टाचणीच्या टोकाएवढे प्रकाशाचे ठिपके आरपार दिसले तर तिथला थर गेलेला आहे.

पुसल्यावर पहिली सीडी एकदा लागली, दुसऱ्यांदा नाही. म्हणजे लेन्स.

इथे मावसभावाला बोलावलं, कारण प्लेअर उघडणं हे मुलाचं काम नाही. प्लग नुसता बंद नाही, भिंतीतून काढून ठेवायचा आणि तासभर थांबायचं. आतल्या वीजपुरवठ्याच्या भागात कपॅसिटर असतो. 230 व्होल्टची वीज तिथे तीनशेहून अधिक व्होल्टचा दाब होऊन साठते आणि प्लग काढल्यावरही काही काळ राहते. त्या बाजूला बोट न्यायचंच नाही. झाकण काढून चालू प्लेअरच्या लेन्समध्ये डोकावायचंही नाही. लेझर दिसत नाही म्हणून तो नसतो असं नाही.

लेन्स हरभऱ्याच्या डाळीएवढी, बारीक तारांवर तरंगणारी. कानात घालायच्या कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावायचं, काडी ओली असावी पण गळती नसावी, आणि लेन्सवरून एक-दोनदा अलगद फिरवायची. जोर द्यायचा नाही. लेन्स किंचित खाली दबते आणि परत वर येते, तेवढंच. थिनर, पेट्रोल, अत्तर, सॅनिटायझर यांपैकी काही नको, प्लॅस्टिकची लेन्स धुरकट होते. मावसभावाने उत्साहाने शिलाई मशीनच्या तेलाची बाटली आणून ठेवली होती. ती मी परत पाठवली. पातळ तेल ओघळून लेन्सवर जातं. लेन्स ज्या दांड्यावरून सरकते तिथे वंगण सुकलेलं असेल तर पांढरं ग्रीस, काडीच्या टोकावर मावेल इतकंच.

संध्याकाळी पुन्हा कॉल. पहिली सीडी पूर्ण लागली, तिसरी पूर्ण लागली. दुसरी चाळीस मिनिटांनंतर चौकोन चौकोन होऊन अडकायला लागली. पंगत नेमकी तिथेच.

मावसभाऊ म्हणाला, लेन्स बाहेरच्या बाजूला सरकतच नसेल. तर्क चांगला होता, पण पहिली सीडी तासाच्या पुढे, अगदी कडेपर्यंत चालली होती. म्हणजे दांडा ठीक, दोष दुसऱ्या तबकडीच्या कडेचा. सीडी आतून बाहेर वाचली जात असल्याने प्रसंगाचा शेवट कडेला येतो, आणि आपण बोटांनी धरतो तीही कडच.

सोमवारी मावशीने एका मेकॅनिकला घरी बोलावलं. तो म्हणाला, “लेन्सचा करंट वाढवतो, पाच मिनिटांचं काम.” लेन्सच्या जोडणीवर एक इवलासा स्क्रू असतो, तो फिरवला की लेझरला जास्त वीज मिळते. हे खरं आहे आणि त्याने सीडी लागतेही. पण म्हातारा लेझर त्याने काही दिवसांत कायमचा जातो. डीव्हीडी-सीडी दोन्ही एकाच भागात असल्याने कधी चांगलं चाललेलंही बिघडतं. मी मावशीला सांगितलं, त्याला चहा दे, पण हात लावू देऊ नकोस. लेझर खरोखरच संपला असता तर पूर्ण पिकअप बदलणं हा मार्ग होता. मुंबईत लॅमिंग्टन रोड, बेंगळुरूला एस. पी. रोड, चेन्नईला रिची स्ट्रीट इथे विचारायचं. जुना भाग काढून सोबत न्यायचा, त्यावरचा क्रमांक जुळला पाहिजे. नव्या पिकअपवर बहुधा डागाचा एक छोटा ठिपका मुद्दाम दिलेला असतो, वाहतुकीत स्थिर विजेने लेझर जळू नये म्हणून. बसवल्यावर तो काढला नाही तर नवा भागही ‘नो डिस्क’च म्हणतो, आणि दुकानदाराशी भांडण होतं.

आमचं काम आता यंत्र दुरुस्त करण्याचं नव्हतंच. ते चालतंय तोवर प्रत काढून घेण्याचं होतं. भाच्याच्या लॅपटॉपला यूएसबी ड्राइव्ह जोडला. व्हीसीडीत एमपीईजीएव्ही नावाचा फोल्डर असतो, त्यात डॅट प्रकारची मोठी फाइल. ती कॉपी करायची, व्हीएलसीमध्ये सरळ चालते. पहिली आणि तिसरी अशीच उतरली. दुसरी चाळीस मिनिटांपाशी चूक दाखवून थांबली आणि लॅपटॉपने उतरवलेला भागही टाकून दिला.

जुना प्लेअर अडखळत का होईना पुढे जातो आणि नवा लॅपटॉप का थांबतो? संगणकाच्या साध्या सीडीत प्रत्येक कप्प्यात 2048 बाइट माहिती आणि उरलेली बरीचशी जागा चूकदुरुस्तीला असते. व्हीसीडीत 74 मिनिटांचं चित्र बसवायचं म्हणून ती जादा दुरुस्ती काढून कप्प्यात 2324 बाइट भरलेले असतात. एखादा कप्पा वाचता आला नाही की लॅपटॉपला अपुरी फाइल नको असते. प्लेअरला ती पर्वा नाही, तो पुढचं दाखवतो. म्हणून खराब व्हीसीडीसाठी जुना प्लेअर जपायचा. आयसोबस्टरसारखे प्रोग्रॅम वाईट कप्पे वगळून बाकीची फाइल काढतात, तोही पर्याय आहे. आम्ही सोपा मार्ग घेतला. प्लेअरच्या पिवळ्या, पांढऱ्या, लाल वायरी टीव्हीऐवजी यूएसबी कॅप्चरच्या छोट्या डबीत घातल्या आणि लॅपटॉपवर रेकॉर्डिंग सुरू केलं. व्हीसीडीचं चित्र मुळातच 352 बाय 288 ठिपक्यांचं, त्यामुळे वायरीतून आल्याने फारसं काही हरवत नाही.

पंगत आली. चित्राचे चौकोन झाले, जिलबीचं ताट थिजलं, व्याह्यांचा चेहरा अर्धा हिरवा. पण आवाज आला. एक शब्द तुटला, “सावकाश हो... द्या, मंडळी.” चित्राच्या बहुतेक चौकटी आधीच्या चौकटींवर अवलंबून असतात, एक बिघडली की पुढचा अर्धा सेकंदभर सगळं बिघडतं. आवाजाचे तुकडे मात्र सुटे, एकेक सेकंदाच्या चाळिसाव्या भागाहूनही थोडा लांब. एक गेला तर तेवढाच जातो.

फाइल मी फोनवर पाठवली, एक प्रत ताईकडे, एक पेन ड्राइव्हवर मावशीच्या कपाटात. बराच वेळ तिच्याकडून काही उत्तर आलं नाही. रात्री दहाला फोन आला.

“ऐकलं,” ती म्हणाली. मग जरा थांबून, “शेजारच्या बेनकडेही दोन सीड्या आहेत, मुलाच्या मुंजीच्या. मी त्यांना सांगून ठेवलंय तू करून देतोस म्हणून.”