पोटगी थकली असेल तर तारीख चुकवू नका

कंपनी बंद पडते, कामावरून कमी करतात, आजारपणात होतं नव्हतं ते जातं आणि मुलाची पोटगी थकते. मग बरेच बाप न्यायालयाच्या तारखेला जायचंच सोडून देतात. कृपा करून असं करू नका. तुमची अडचण खरी असेल, पण ती तुम्ही सांगेपर्यंत जुना आदेश जसाच्या तसा लागू राहतो. पोटगी थकली त्या महिन्यातही मूल जेवतं, शाळेत जातं.

समजा, महिना 8,000 रुपयांचा आदेश आहे. नोकरी गेल्यावर तुम्ही जमतील तसे 3,000 देत राहिलात, तर वर्षभरात 60,000 रुपये बाकी निघते. मग रक्कम कमी करण्याचा अर्ज केलात तरी सूट सहसा अर्जाच्या तारखेपासून पुढे मिळते. मागचे 60,000 डोक्यावर राहतात. म्हणून पगार थांबला त्याच महिन्यात अर्ज करा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 146 (जुन्या कायद्यातलं 127) त्यासाठीच आहे. सोबत कामावरून कमी केल्याचं पत्र, पासबुक, दवाखान्याचे कागद आणि मालमत्ता व देण्यांचं शपथपत्र जोडा. सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून हे शपथपत्र दोन्ही बाजूंना द्यावं लागतं. त्यात घरभाड्याचं उत्पन्न लपवलंत आणि ते उघडं पडलं, तर तुमच्या खऱ्या अडचणीवरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

मागची बाकी एकरकमी जमत नसेल तर हप्ते मागा, आणि मागताना हाती असतील तेवढे पैसे भरा. नुसत्या विनवणीपेक्षा त्या पावतीला जास्त वजन असतं. महिनाभर आत बसलं की हिशेब मिटतो, हा समज मात्र साफ चुकीचा आहे. कैद हा वसुलीचा मार्ग आहे, ती भोगून देणं फिटत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 1988 मध्येच सांगितलं आहे.

पैसे बँकेतूनच पाठवा. रोख दिलेले सिद्ध करताना नाकी नऊ येतात. शाळेची फी परस्पर भरलीत, सायकल घेऊन दिलीत, तर चांगलंच केलंत; पण पोटगीतून ते आपोआप वजा होत नाही.

‘जाऊ दे, मागचं सोडलं,’ असं मुलाची आई फोनवर म्हणाली तरी त्यावर विसंबू नका. मागच्या बाकीची तडजोड झाली असेल तर दोघांच्या सहीची पुरसिस (लेखी निवेदन) न्यायालयात द्या. मुलाचा पुढचा हक्क मात्र आईलाही सोडता येत नाही, कारण तो तिचा नाहीच.

ताईंनो, थकलेल्या रकमेच्या वसुलीचा अर्ज ती देय झाल्यापासून वर्षाच्या आत करा. उशीर झाला तर त्याच संहितेच्या कलम 144 खाली त्या रकमेसाठी वॉरंट निघत नाही. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना आणि मुलांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असेल तर बापालाही मिळतो.