माकडाला दिलेले बिस्कीट जंगलाला महाग पडते

घाटाच्या वळणावर गाडी थांबते, काच खाली येते आणि कठड्यावर बसलेल्या माकडापुढे बिस्कीट धरले जाते. शिमल्यापासून निलगिरीपर्यंत दिसणारे हे दृश्य भूतदयेचे मानले जाते. मुक्या जिवाला घास घालणे हे पुण्य, ही त्यामागची श्रद्धा प्रामाणिकच असते. मात्र त्या घासाची किंमत कोण मोजते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

या प्रश्नाचे एक उत्तर पश्चिम बंगालमधील बक्सा व्याघ्र प्रकल्पात मिळते. तेथील लाल तोंडाच्या ऱ्हीसस माकडांवरील संशोधन २०१५ मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. माकड हे जंगलातील महत्त्वाचे बीजप्रसारक आहे. फळे तोडून ते गालांतील पिशव्यांत साठवते, दुसरीकडे जाऊन गर खाते आणि बिया थुंकून टाकते. काही बिया विष्ठेतून बाहेर पडतात. मूळ झाडापासून दूर पडलेल्या बीला रुजण्याची आणि जगण्याची संधी सहसा अधिक असते. पर्यटकांकडून आयते अन्न मिळू लागताच बक्सातील माकडांचे फळे खाणे घटले, त्यांचा वावर लहान क्षेत्रापुरता आक्रसला आणि बिया कमी अंतरावर पडू लागल्या. त्यांतील कित्येक डांबरी रस्त्यावर पडल्या, जिथे काहीच उगवू शकत नाही.

म्हणजे माकडाचे पोट भरते, पण जंगलाची पेरणी चुकते.

यात माकडाचेही भले होत नाही. रस्त्याकडेला वाट पाहत बसलेली माकडे वाहनांखाली सापडतात. माणूस म्हणजे अन्न, हे एकदा कळले की पिशव्या हिसकावणे, घरात शिरणे आणि चावणे ओघाने येते. चाव्यासोबत रेबीजची धास्तीही येते. पर्यटक दोन दिवसांत परततो, चावा मात्र स्थानिकांच्या वाट्याला येतो. मग त्याच प्राण्याविरुद्ध संताप उसळतो. २०१६ मध्ये केंद्र सरकारने शिमला महापालिकेच्या हद्दीत ऱ्हीसस माकडाला काही काळासाठी उपद्रवी प्राणी घोषित केले, म्हणजेच त्याला मारण्याची मुभा दिली. वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीनंतर तर ते संरक्षित प्राण्यांच्या अनुसूचीतही उरले नाही. यामागे अधिवासाचा ऱ्हास, शेतीचे नुकसान आणि उघडा कचरा ही कारणेही आहेत. परंतु माणसाविषयीची भीती पुष्कळदा हातातल्या घासानेच मोडते.

‘उन्हाळ्यात जंगलात खायला नसते’ असा युक्तिवाद केला जातो. पण फळे नसताना माकड कोवळी पाने, शेंगा, कंदमुळे आणि कीटक खाऊन जगते. ऋतूंच्या या चढउतारांतूनच त्याची संख्या जंगलाच्या कुवतीत राहते. आयत्या अन्नाने हा मेळ बिघडतो. संख्या वाढली की नसबंदीच्या मोहिमा हाती घ्याव्या लागतात. हिमाचल प्रदेशात त्या अनेक वर्षे चालू आहेत.

भूतदया सोडण्याचे कारण नाही. तिने केवळ जागा बदलावी. जंगलात फळझाडे टिकवणे, उरलेले अन्न उघड्यावर न टाकणे आणि घाटात गाडीची काच बंद ठेवणे, हीच माकडाची खरी सेवा आहे. त्याला अन्नदात्याची गरज नाही. त्याचे काम त्याला करू दिले, तर माणसाने न लावलेली झाडेही तेच लावत राहील.