डब्यातला कोको कोठला?

दिवाळीच्या फराळाशेजारी चॉकलेटचा चकचकीत डबा येऊन बसला, त्याला आता बरीच वर्षे झाली. अनारशांची जागा त्याने घ्यावी काय, हा वाद गृहिणींवर सोपवू. प्रश्न निराळाच आहे. जगातील निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांत पिकतो. शिकागो विद्यापीठाशी संलग्न संशोधन संस्थेच्या २०२० च्या अहवालानुसार तेथील कोकोच्या मळ्यांत सुमारे १५ लाख ६० हजार बालके राबत होती. कोयत्याने फळे फोडायची, ओझी वाहायची. ही अघोरी प्रथा २००५ पर्यंत संपविण्याचे वचन बड्या उत्पादकांनी २००१ सालीच दिले होते! ज्या घरी लक्ष्मीपूजनाचा नैवेद्य सोवळ्यात होतो, त्या घराने भेटीच्या डब्याची एवढीही चौकशी करू नये?

स्वदेशी घ्या, म्हणजे झाले, असे कोणी म्हणेल. तेवढ्याने भागत नाही. देशातला कोको मागणीला पुरत नाही. वेष्टन भारतीय असले तरी आतला कोको परका असू शकतो. कोकोचे भाव कोसळून व्यापाऱ्यांनी पाठ फिरविली, तेव्हा १९८० मध्ये मंगळूरची 'कॅम्पको' ही शेतकऱ्यांची सहकारी संस्था खरेदीस उतरली आणि १९८६ मध्ये तिने पुत्तूरला चॉकलेटचा कारखानाही उभारला. असे पर्याय आहेत. ते शोधावे लागतात. दुकानदाराला कोकोचे गाव विचारले, तर तो बहुधा हसेल. दहा गिऱ्हाइकांनी विचारले, तर मात्र तो घाऊक व्यापाऱ्याला विचारील.