‘च’कार आणि आघात: इंग्रजी संभाषणातील स्वराभिव्यक्ती

इंग्रजी संभाषणाच्या अध्यापनाचा विचार आपल्याकडे बहुधा वर्णोच्चारापाशी सुरू होतो आणि तेथेच संपतो. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ यांतील भेद साधला की उच्चार सुधारला, असे मानले जाते. वस्तुतः ऐकणाऱ्याची अडचण पुष्कळदा वर्णांत नसून आघात, लय आणि सुरावट यांत असते. आर. के. बन्सल यांचा भारतीय इंग्रजीच्या सुबोधतेवरील अभ्यास १९६९ मध्ये हैदराबादच्या सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिशने प्रसिद्ध केला. त्यातही दुर्बोधतेच्या कारणांत शब्दाघाताच्या चुकांना महत्त्वाचे स्थान आहे.

स्वराने अर्थ पालटतो, ही कल्पना भारतीय परंपरेला नवी नाही. पतंजलीच्या महाभाष्यात ‘इंद्रशत्रू’ या शब्दाचा दाखला आहे. अंत्य अक्षर उदात्त असते, तर ‘इंद्राचा नाश करणारा’ असा अर्थ झाला असता. आद्य अक्षर उदात्त उच्चारले गेल्याने ‘इंद्र ज्याचा नाश करील तो’ असा अर्थ झाला आणि यजमानाचा हेतूच फसला. वैदिक स्वर सुराचा व इंग्रजी आघात प्रामुख्याने बलाचा, हा भेद खरा. तथापि दोहोंचे कार्य समांतर आहे. ‘रेकॉर्ड’ हा इंग्रजी शब्द पहिल्या अक्षरावरील आघाताने नाम होतो, दुसऱ्यावरील आघाताने क्रियापद.

वाक्याच्या पातळीवर हा प्रश्न अधिक उद्बोधक होतो. ‘राम उद्या पुण्याला जाणार आहे’ या वाक्यात ज्यावर भर द्यावयाचा त्याला मराठी भाषक ‘च’ जोडतो: रामच, उद्याच, पुण्यालाच. हिंदीत हे काम ‘ही’ करतो, तमिळमध्ये ‘तान्’. इंग्रजीत हा भर मुख्यतः आवाजच वाहतो. शब्द तेच राहतात. भारतीय इंग्रजीतील ‘टुमॉरो ओन्ली’ हा प्रयोग म्हणजे त्या ‘च’चेच भाषांतर होय. भारतीयांच्या आपसांतील व्यवहारात तो चोख चालतो. परकीय श्रोत्याला मात्र त्यात ‘फक्त’ एवढेच ऐकू येते.

सुरावटीतील भेदाचे परिणाम याहून गंभीर असतात. जॉन गम्पर्झ यांनी १९८२ च्या ‘डिस्कोर्स स्ट्रॅटेजीज’ या ग्रंथात ब्रिटनमधील एका विमानतळाच्या उपाहारगृहातील प्रसंग नोंदविला आहे. तेथील भारतीय व पाकिस्तानी स्त्रिया वाढताना ‘ग्रेव्ही’ हा एकच शब्द उतरत्या सुरात उच्चारीत. इंग्रज ग्राहकाला तो ‘ही ग्रेव्ही, घ्या’ असा उर्मट वाटे. चढत्या सुरात तोच शब्द ‘ग्रेव्ही हवी का?’ अशी विचारणा ठरला असता. स्त्रियांना आपल्याविषयीच्या नाराजीत भेदभाव दिसत होता, ग्राहकांना त्यांच्या बोलण्यात उद्धटपणा. शब्दोच्चारात चूक नसताना माणसाच्या स्वभावाविषयीच गैरसमज झाला, ही यातील दुःखद बाब होय.

यावर उपाय परकीय ढंगाचे अनुकरण नव्हे. तशा अनुकरणाने वक्ता स्वतःलाच परका होतो. मराठी भाषकाला आवाजाचे भान मुळीच नसते, असेही नाही, ‘आला’, ‘आला?’ आणि ‘आला!’ यांतील फरक तो सुरानेच करतो. हे भान जागृत करून इंग्रजीत न्यावयाचे आहे. अध्यापकाने एक मराठी वाक्य घ्यावे, ‘कोण?’, ‘केव्हा?’, ‘कोठे?’ या प्रश्नांची उत्तरे ‘च’ जोडून द्यावयास सांगावीत आणि मग तेच वाक्य इंग्रजीत ‘च’विना, केवळ आवाजाच्या आधारे म्हणवून घ्यावे. त्यापुढे नाट्यसंवादांचे प्रकट वाचन यावे. पाणिनीय शिक्षेने अधम पाठकांत गाऊन वाचणारा, घाईने वाचणारा यांच्याबरोबर अर्थ न जाणता वाचणाराही गणला आहे. हा शेवटचा दोष टाळल्याखेरीज अन्य दोषही सुटत नाहीत, कारण कोठे थांबावे आणि कशावर भर द्यावा हे अर्थच ठरवितो.

म्हणून संभाषणाचे शिक्षण ध्वनितक्त्यांपुरते न ठेवता त्यात मातृभाषेला साहाय्यक म्हणून स्थान मिळाले पाहिजे. विद्यार्थ्याची मराठी, हिंदी वा तमिळ ही त्याच्या इंग्रजीतील अडसर समजली जाते. योग्य रीतीने वापरल्यास तीच त्याला आघाताचे मर्म दाखवील.