एक्स्प्लोड करू का?

परवा ऑफिसात नवीन आलेला मुलगा विचारत होता, "मॅडम, या दारातली एकच रेघ हलवायचीय, पण क्लिक केलं की अख्खं दारच सिलेक्ट होतंय. एक्स्प्लोड करू का?"

मी "नको!" म्हणाले, तेही जरा जोरातच. बिचारा दचकला. तेवढ्यात साईटवरून फोन आला आणि त्याला कारण सांगायचं राहूनच गेलं. म्हणून आज इथे लिहितेय. शिवाय आमची वहिनी नेहमी विचारते, "दिवसभर कॉम्प्युटरवर रेघा ओढतेस, त्यात एवढं डोकं दुखण्यासारखं काय असतं गं?" तिलाही परस्पर उत्तर मिळेल.

ज्यांचा ऑटोकॅडशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एका बिल्डिंगमध्ये शेकडो दारं, खिडक्या, बेसिनं असतात. प्रत्येक दार वेगळं काढत बसलो तर जन्म जायचा. म्हणून एक दार काढायचं, त्याच्या रेघा एकत्र बांधून त्याला नाव द्यायचं आणि मग हवं तिथे ठेवत जायचं. याला म्हणतात ब्लॉक. खरी गंमत पुढे आहे. ड्रॉइंगमध्ये शंभर दारं दिसली तरी दाराची व्याख्या एकच असते. ती बदलली की शंभरही दारं त्या क्षणी बदलतात. ऑटोकॅड 2006 पासून तर ब्लॉकवर डबल क्लिक करून ब्लॉक एडिटर उघडता येतो, आत हवा तो बदल करायचा, सेव्ह करायचं, झालं.

ग्रुप हा ब्लॉकचा चुलतभाऊ, पण स्वभावाने वेगळा. ग्रुपमधल्या वस्तू फक्त एकत्र निवडल्या जातात. त्याची कॉपी केली की ती स्वतंत्र होते, एकीत केलेला बदल दुसरीला कळत नाही. हॉलमधला सोफा, टीपॉय, गालिचा एकदम सरकवायचा असेल तर ग्रुप उत्तम. त्यातलं एकट्या टीपॉयला हलवायचं असेल तर कंट्रोल-शिफ्ट-ए दाबून ग्रुप तात्पुरता बाजूला ठेवता येतो. मोडावा लागत नाही.

आणि एक्स्प्लोड म्हणजे ही बांधलेली गाठ कायमची सोडणं. कीबोर्डवर एक्स आणि एंटर. सुट्या रेघा हातात येतात, हवी ती ओढा, हवी ती पुसा. इतकं सोपं की हात आपोआप तिकडे जातो. माझाही जायचा.

2007 सालची गोष्ट. मी पुण्यात एका आर्किटेक्टकडे नोकरीला होते. एका निवासी इमारतीचं काम होतं. टॉयलेटची सगळी दारं 750 मिमीची, आत उघडणारी, ब्लॉकचं नाव डी3. तिसऱ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमधल्या आजी व्हीलचेअरवर होत्या. त्यांच्या मुलाने त्या फ्लॅटपुरतं दार 900 चं करून मागितलं. संध्याकाळी प्रिंट द्यायची होती. मी ते एक दार एक्स्प्लोड केलं, रेघा ओढून रुंद केलं, पाच मिनिटांत काम झालं. स्वतःवर खूश होऊन घरी गेले.

पुढच्या आठवड्यात सर म्हणाले, "त्या आजींवरून मनात आलं, या टॉयलेटमध्ये कुणीही पडलं तर दार आत ढकलून उघडायचं कसं? सगळी दारं बाहेर उघडणारी कर." म्हातारपण काय, सगळ्यांनाच येणार. (अपंगांसाठीच्या स्वच्छतागृहाचं दार बाहेर उघडावं हे नॅशनल बिल्डिंग कोडमध्येही आहे. पण खासगी फ्लॅटचा विचार करताना तेव्हा ते कुणाच्या डोक्यात यायचं नाही.) मी डी3 ब्लॉक उघडला, दाराची फिरकी उलटी केली, सेव्ह केलं. सगळ्या मजल्यांवरची दारं एका फटक्यात बाहेर उघडली. काय भारी वाटलं होतं!

ज्या आजींमुळे सगळ्यांची दारं बदलली, त्यांचं दार तेवढं बदललं नाही. ते आता डी3 नव्हतंच. नुसत्या चार रेघा होत्या. चौकटी त्या ड्रॉइंगप्रमाणेच बनल्या, तशाच बसल्या.

2010 मध्ये आजी पडल्या. कडी लावलेली नव्हती, पण दार आत ढकलायचं तर दारामागेच त्या पडलेल्या. बिजागऱ्याही आतल्या बाजूला, त्यामुळे बाहेरून स्क्रू काढायची सोय नाही. शेवटी दाराचा वरचा भाग कापून मुलगा आत उतरला. मनगट मोडलं, त्यावर निभावलं. दार बदलून घ्यायचं म्हणून त्यांनी ऑफिसला फोन केला आणि अगदी साधेपणाने विचारलं, "शेजारच्यांचं दार बाहेर उघडतं, आमचंच आत कसं?"

सरांनी जुनी फाईल उघडायला सांगितली. मी त्या दारावर क्लिक केलं. दार सिलेक्ट झालं नाही, एकच रेघ झाली. मला लगेच कळलं. सरांनाही कळलं असावं, पण ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. एक्स्प्लोड हे एडिटिंग नव्हेच. ती वस्तूची ओळख पुसणं आहे. रेघा तशाच दिसतात, म्हणून तर ते जास्त धोक्याचं. पुढे कुणी ब्लॉकची मोजणी केली (आता तर 2022 पासून ऑटोकॅडमध्ये काउंटची सोयच आहे) तर ते दार मोजणीत येत नाही. ब्लॉकमध्ये नंबर वगैरे माहिती भरलेली असेल तर एक्स्प्लोड केल्यावर तीही जाते, नुसती रकान्यांची नावं शिल्लक राहतात.

मग एकच वेगळं हवं असेल तर काय करायचं? दोन रस्ते आहेत. ब्लॉक एडिटरमधून तीच व्याख्या नव्या नावाने सेव्ह करायची, समजा डी3ए. सरांचा बदल याच्यातही आपोआप आला नसता, हे कबूल. पण यादीत डी3ए हे नाव दिसलं असतं आणि "याचं काय करायचं?" असं कुणीतरी विचारलं असतं. निनावी रेघांबद्दल कोण विचारणार? दुसरा रस्ता डायनॅमिक ब्लॉकचा. त्यात प्रत्येक दाराची रुंदी वेगळी ठेवता येते आणि तरी व्याख्या एकच राहते. ही सोयही 2006 च्या आवृत्तीपासून होती. म्हणजे माझ्या हाताशी होती. मी शिकले नव्हते, कारण एक्स-एंटरने काम भागत होतं.

आमच्या सरांची पिढी ट्रेसिंग पेपरवर काम करायची, चुकलेली रेघ ब्लेडने खरवडायची. ते म्हणायचे, तुमच्या ब्लॉकने तुम्हाला आळशी केलं, आम्ही प्रत्येक दार हाताने काढायचो म्हणून प्रत्येक दार बघायचो. हे मात्र मला मान्य करावं लागतं. मी त्या दिवशी सेव्ह केल्यावर एकदा तिसऱ्या मजल्यावर नजर टाकली असती तरी पुरलं असतं. एका जागी बदलून सगळीकडे बदलतं या भरवशावर आपण बघणंच सोडतो. ब्लॉक वापरा, पण बदल केल्यावर एकदा सगळं ड्रॉइंग डोळ्यांखालून घाला.

कधीच एक्स्प्लोड करू नये असंही नाही. बाहेरून आलेल्या फाईलमध्ये ब्लॉकच्या पोटात ब्लॉक, त्याच्या पोटात आणखी ब्लॉक असा गुंता असतो, तिथे कधी कधी इलाज नसतो. पण मग सोडलेलं पुन्हा बांधून, नाव देऊन ठेवायचं. आपल्यानंतर ती फाईल कोण उघडेल आणि काय गृहीत धरेल, हे आपल्याला माहीत नसतं.

असो. काल त्या मुलाला शेजारी बसवून आजींची गोष्ट सांगितली. ऐकून तो जरा वेळ गप्प बसला. मग हळूच म्हणाला, "मॅडम, मी विचारायच्या आधीच दोन दारं एक्स्प्लोड केली होती. कुठली ते आठवत नाही."

चहा मागवला आणि दोघांनी मिळून शोधली. पाऊण तास लागला.